जाझ (प्रात्यक्षिक बाकी)

माणूस गेला ही बातमी आधी घराला कळते, मग गल्लीला, मग नातेवाइकांना आणि सगळ्यांत शेवटी विद्यापीठाला. यात विद्यापीठाचा दोष नाही. विद्यापीठ उंचावर असतं. तिथवर बातमी चढायला वेळ लागतो.

माझी बायको नलिनी पौषात तापानं गेली. तेरवी झाल्यावर मी सौंसरहून बस धरली आणि पांढुर्ण्याला ती शिकत होती त्या महाविद्यालयात जाऊन बातमी दिली. प्राचार्य भांगे सर खुर्चीतून उठले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"लय वाईट झालं, गुणवंतराव," ते म्हणाले. "त्याहिचं तं प्रॅक्टिकल बाकी होतं."

प्राचार्यांना माणसाच्या जाण्यातलं नेमकं नुकसान लगेच दिसतं. नवरा म्हणून माझंही बरंच बाकी होतं, पण त्याला विद्यापीठानं तारीख दिलेली नव्हती.

विषय जाझ. तीन वर्षांची पदवी.

पांढुर्ण्यात जाझ कशाला, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. पांढुर्ण्यात कोणाला पडला नाही. विद्यापीठानं संगीतातल्या नव्या विषयांची यादी पाठवली तेव्हा गायन दुसऱ्या एका गावानं घेतलं होतं, तबला-सतारही गेले होते. उरला होता तो जाझ. संस्थेचे अध्यक्ष पुंडलिकराव हे संत्र्याचे व्यापारी. फळ धरायच्या आधी, नुसत्या फुलावर बाग घ्यायची त्यांना सवय. त्यांनी बैठकीत एवढंच विचारलं, "हे अजून कोणी घेतलं नाही नं? मंग घेऊन टाका, सौंसरवाल्याहिच्या आधी." ठराव एकमतानं पास झाला. (जाझ म्हणजे काय, हे शेवटी विचारायचं ठरलं होतं, पण चहा आला.)

विभागप्रमुख म्हणून शालिकराम सरांची निवड झाली. ते नागरिकशास्त्राचे. पात्रता पुढीलप्रमाणे: आवाज मोठा, मुंबई दोनदा पाहिलेली, आणि पुंडलिकरावांचे सख्खे भाचे. तिसरी पात्रता आधी लिहायला पाहिजे होती, पण त्यांच्या अर्जातही ती शेवटीच होती.

नलिनी सौंसरच्या मुलींच्या शाळेत गाणं शिकवत होती. प्रार्थना, पंधरा ऑगस्ट, निरोप समारंभ. कितीतरी वर्षं तात्पुरती. मग आदेश निघाला की संगीत शिकवणाऱ्याकडे संगीताची पदवी पाहिजे, नाहीतर घरी बसा. संगीत कोणतं, ते आदेशात नव्हतं. आणि आमच्याकडून रोज जाऊन येता येईल अशी संगीताची पदवी एकच होती.

मी म्हटलं, "या वयात जाझ?"

"मंग का तुमच्या पेट्या मोजत बसू?" ती म्हणाली. (मी संत्र्याच्या लाकडी पेट्या ठोकतो.) "जाऊन तं पाहते. गाणंच हाय नं शेवटी."

शिक्षण उच्च दर्जाचं होतं. विभागात वाद्य एकही नव्हतं, त्यामुळे वर्ग शांततेत चालत. एक गाईड होतं, प्रश्नोत्तर रूपातलं. त्यातली पहिली व्याख्या नलिनी घरी भाकरी थापताना पाठ करायची, म्हणून मलाही येते: "जाझ म्हणजे जे आधी ठरलेले नसते व वाजवणाऱ्याला ऐनवेळी सुचते असे संगीत." त्याखाली प्रश्न होता, ऐनवेळी सुचलेल्या वादनाची पाच उदाहरणे लिहा. पाचही उदाहरणं गाईडमध्ये दिलेली होती. पहिल्या वर्षी नलिनीनं एक उदाहरण स्वतःच्या मनानं लिहिलं. शून्य मिळालं. शेरा होता, "पुस्तकाबाहेरचे." दुसऱ्या वर्षी तिनं पाचही पाठ केली आणि ऐनवेळी सुचण्यात वर्गात पहिली आली.

जाझमध्ये एक निळा सूर असतो. गाईड एकाच शाईत छापलेलं असल्यानं तो काळा आला होता. शालिकराम सरांनी सगळ्यांना निळ्या पेन्सिलीनं त्याखाली रेघ मारायला लावली. परीक्षेत ज्यांनी रेघ मारली त्यांना निळा सूर लागला असं धरण्यात आलं.

जाझवाला समेवर येईलच याची खात्री नसते, असंही एक लक्षण आहे. त्या तासाला नलिनीनं हात वर केला. दर शनिवारी ती जामसावळीला मारुतीपुढं बायांच्या भजनात असायची आणि ढोलक भिवाजी वाजवायचा. ती म्हणाली, "सर, आमचा भिवाजी आजवर एकदाही समेवर आला नाही. त्याले डायरेक्ट फर्स्ट क्लास देऊन टाका."

वर्ग हसला. सरांनी विचारलं, भिवाजीची फी भरली आहे का. नव्हती. तेव्हा त्याचं वाजवणं चूक ठरलं. हा फरक मला आधी कधी कोणी इतका सोपा करून सांगितला नव्हता.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एकदा ती जेवताना थांबली.

"दोन वर्षं झाले, जाझ शिकून राहिली मी. पण ते असते तरी कसं?"

"सरले विचार."

"विचारलं. म्हणते, थर्ड इयरच्या सिलॅबसमधी हाय."

होतंही. विद्यापीठानं विभागाला जाझची एक तबकडी पाठवली होती. आल्या दिवशी ती डेड स्टॉकमध्ये चढली. डेड स्टॉकमधली वस्तू झिजता कामा नये. तबकडी वाजवली की झिजते. म्हणून ती लोखंडी कपाटात कुलपात होती आणि दरवर्षी पडताळणीत ती न वाजलेली आढळून येत होती. वाजवायची परवानगी एकाच वेळी होती: तिसऱ्या वर्षाचं प्रात्यक्षिक, भाग दोन, "श्रवण व ओळख". परीक्षकानं तबकडी लावायची, उमेदवारानं काय ऐकलं ते सांगायचं. म्हणजे जाझ पहिल्यांदा ऐकायचा तो शिकून झाल्यावर. पूर्वग्रह राहू नये, हा त्यात हेतू असावा.

बाकीची मुलं पदवीची वाट पाहत होती. नलिनी परीक्षेची वाट पाहत होती. बसमधून उतरली की मला विचारायची, "कसं असंल हो? आपल्या बँडसारखं का?" मी म्हणायचो, असंल. मला काय माहीत.

विद्यापीठानं प्रात्यक्षिकाची तारीख दिली ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची. त्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात झाड रोवलेलं, त्यावर झेंडा. या काठचे त्या काठच्यांना दगड मारतात, त्या काठचे या काठच्यांना, आणि ढोल वाजत राहतात. विद्यापीठाला हे माहीत नव्हतं. प्राचार्यांना माहीत होतं, पण विद्यापीठाच्या तारखेला हरकत घ्यायची पद्धत नाही.

बाहेरचे परीक्षक सकाळच्या गाडीनं उतरले आणि कॉलेज विचारत विचारत नदीवर पोचले. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग एक गोटा त्यांच्या सुटकेसला लागला आणि ते पुढच्या गाडीनं परत गेले. अहवाल मात्र त्यांनी प्रामाणिकपणे लिहिला: "दोन गट. सवाल-जवाब उत्तम. आधी ठरवलेले काहीही नाही. लय द्रुत. श्रोत्यांचा सहभाग प्रत्यक्ष." पांढुर्ण्याचे सगळे उमेदवार पहिल्या वर्गात पास झाले. डोक्याला पट्टी असलेल्या दोघांना विशेष योग्यता मिळाली. श्रवण व ओळख या भागात त्यांनी ढोल ओळखला असं धरलं गेलं.

त्या दिवशी सौंसरची बस बंद होती. नलिनी बसस्टँडवर दुपारपर्यंत बसून घरी आली. निकालात तिच्यापुढं "गैरहजर" होतं.

"एक गोटा मारला असता तं ग्रॅज्युएट झाली असती मी," ती म्हणाली. मग म्हणाली, "जाऊ द्या. तबकडी तं अजून कोणीच नाही ऐकली नं. म्हणजे माह्या वेळी नवीनच राहील." पुरवणी परीक्षा संक्रांतीनंतर होती. तापात असताना तिनं दोनदा विचारलं, तारीख आली का. तारीख ती गेल्यावर चार दिवसांनी आली.

आता परत प्राचार्यांच्या खोलीत.

प्रात्यक्षिक बाकी असलेला एक जरी उमेदवार राहिला तरी विभागाचा निकाल अपूर्ण राहतो. निकाल अपूर्ण राहिला तर विभाग बंद होतो. विभाग बंद झाला तर शालिकराम सर परत नागरिक होतात. म्हणून भांगे सरांनी नियमांचं पुस्तक काढलं. उमेदवारानं प्रवेशपत्र आणावं, वेळेवर यावं, स्वच्छ कपडे घालावेत, शेजाऱ्याशी बोलू नये, गाईड जवळ बाळगू नये. त्यांनी पानं मागंपुढं केली. उमेदवार जिवंत असावा असं कुठं लिहिलेलं नव्हतं.

"मागच्या टायमाले त्या जिवंत होत्या," शालिकराम सर म्हणाले, "तरी गैरहजर झाल्या. म्हणजे त्याचा न् याचा काही संबंध नाही."

"तुमची हरकत तं नाही नं, गुणवंतराव?" भांगे सरांनी विचारलं.

मी विचारलं, तबकडी लावणार का. ते म्हणाले, लावावीच लागते. मी हो म्हटलं. मला वाटलं, ती नाही तर मी ऐकीन. तिला कसं सांगायचं ते नंतर पाहता येईल.

कॉलेजमध्ये तबकडी होती, ती वाजवायचं यंत्र नव्हतं. सौंसरला नत्थूजी लग्नात लाउडस्पीकर लावतो, त्याच्याकडं मी गेलो.

"लगन कोणाचं जी?" त्यानं विचारलं.

"लगन नाही. परीक्षा हाय."

"कोणाची?"

"नलिनीची."

त्यानं यंत्र काढून पुसलं. यंत्राला नवी पिन लावून दिली. मी त्यासाठी गवत भरून संत्र्याची एक पेटी केली आणि ती बसमध्ये मांडीवर घेऊन पांढुर्ण्याला गेलो.

परीक्षक तेच होते. स्टेशनवरच त्यांनी आज काही सण आहे का ते विचारून घेतलं होतं. वर्गात एक बाक मांडला होता. त्यावर नलिनीचं प्रवेशपत्र ठेवलं, उडू नये म्हणून त्यावर नदीतला एक गोटा. परीक्षकांनी फोटो पाहिला, बाकाकडं पाहिलं आणि उमेदवार हजर असल्याची नोंद केली. कपाट उघडलं. तबकडी खरंच नवी होती, तिच्यात बाक आणि खिडकी दिसत होती.

मग त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. श्रवण उमेदवाराचं. दुसऱ्यानं ऐकलं तर ती कॉपी होते. मी व्हरांड्यात उभा राहिलो. दार लागलं. आत यंत्राचा खटका झाला, पिन टेकली, खर्र असं काहीतरी झालं आणि वीज गेली.

परीक्षकांना दुपारची गाडी होती. थोडा वेळ थांबून त्यांनी नियमाप्रमाणे तीनदा विचारलं, "उमेदवाराने काय ऐकले?" उमेदवारानं तीनही वेळा काही सांगितलं नाही. काही वाजलंच नव्हतं, तेव्हा उत्तर बरोबर होतं. परीक्षकांनी पूर्ण गुण दिले आणि शेऱ्यात लिहिलं की न ऐकलेले संगीत ऐकले असे न सांगणारा उमेदवार या विषयात त्यांना प्रथमच भेटला. शिस्तीचेही गुण मिळाले, कारण उमेदवारानं पाणीसुद्धा मागितलं नव्हतं.

नलिनी विद्यापीठात जाझ विषयात पहिली आली. शालिकराम सर कायम झाले. महिन्याभरानं नलिनीलाही कायम केल्याचा आदेश शाळेतून आला. मुदतीत रुजू न झाल्यास जागा आपली नाही असं समजण्यात येईल, असं त्यात होतं. मुदत संपल्यावर शाळेनं तसं समजून घेतलं.

पदवी घ्यायला गेलो तेव्हा मी भांगे सरांना म्हटलं, "सर, ती तबकडी एकदा लावता का? लाईन हाय आज."

"डेड स्टॉकले जमा झाली जी," ते म्हणाले. "विद्यार्थ्याशिवाय ऐकवता येत नाही. तुमी ॲडमिशन घेऊन घ्या नं. तिसऱ्या वर्षी ऐकाले भेटते."

"सीटा खालीच हायेत," शालिकराम सर म्हणाले.

वाचकहो, इथवर आलात म्हणजे तुमचा अभ्यासक्रम पूर्ण झाला आहे. व्याख्या तुम्हाला कळली, निळा सूर कळला, समेचं लक्षण कळलं. पांढुर्ण्यात तीन वर्षांत याहून जास्त शिकवत नाहीत. एवढं सगळं होऊन तुम्हाला काही ऐकू आलं नाही, आणि ते असतं तरी कसं, हे तुम्ही एकदाही विचारलं नाही. नियमाप्रमाणे तुम्ही पास आहात. अभिनंदन.

नलिनीनं विचारलं होतं. तिला ऐकवायचं राहिलं आहे.