निळा दात

दात घासायचं मशीन हातात धरून दातांचा डॉक्टर असलेला मामा भाचीच्या तोंडात डोकावत होता. सिमेंट कुठे संपतं आणि दात कुठे सुरू होतो, तेच त्याला दिसेना.

दोन आठवड्यांपूर्वी झोपाळ्यावरून पडून भाचीचा पुढचा पक्का दात हलू लागला होता. शेजारच्या दातांचा आधार देऊन तो नायलॉनच्या बारीक दोऱ्याने बांधायचा होता. दोरा चिकटवायला दवाखान्यात दोन सिमेंटं होती: एक निळं, एक थेट दाताच्या रंगाचं. काढताना नीट दिसावं म्हणून मामाने निळं उचललं.

"निळं? परवा वर्गाचा फोटो आहे तिचा!" ताई कडाडली.

"मला निळंच हवंय," भाची म्हणाली.

"तू गप्प बस. आणि तू रे, डॉक्टर झालास म्हणून मला शिकवू नकोस. काही लावलंय हे कळता कामा नये!"

ताईपुढे मामाचं आजवर कधी काही चाललं नव्हतं. त्याने खिडकीच्या उजेडात रंग असा हुबेहूब जुळवला, की पुढे दोन दिवस तो स्वतःवरच खूश होता.

आता तीच हुशारी अंगाशी आली होती. दोरा निघाला, पण सिमेंट दातात बेमालूम मिसळून गेलं होतं. चुकून खरा दात घासला गेला, तर पोरीला जन्मभराचं नुकसान, आणि मग ताई!

"थांबलास का?" ताईने मागून विचारलं.

"बघतोय."

"मघापासून बघतोयसच!"

मामाने दातांवर हवा मारली, दिवा फिरवला, चष्मा पुसला. सगळं पांढरंशुभ्र.

"ताई, तू जरा बाहेर बसतेस का?"

"म्हणजे नक्की काहीतरी बिघडलंय!" ताईने खुर्ची आणखी जवळ ओढली.

 थोडा वेळ मिळावा म्हणून त्याने भाचीला बेसिनवर चूळ भरायला पाठवलं. ती दप्तर घेऊनच गेली आणि बऱ्याच वेळाने तोंडभर हसत परतली. पुढचे सगळे दात निळे!

"अगं कार्टे, हे काय?" ताई किंचाळली.

"स्केचपेन. आज काढूनच टाकणार ना, म्हणून मीच निळं करून घेतलं."

मामाने घाईघाईने पाण्याचा फवारा मारला. गुळगुळीत दातांवरून शाई वाहून गेली. खरखरीत सिमेंटवर मात्र ती हट्टाने बसून राहिली. निळं तेवढं सिमेंट, पांढरा तो दात! मामाने भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निळं तेवढं अलगद घासून काढलं. मग श्वास रोखून दात बोटाने हलवून पाहिला. दात जागचा हलला नाही. मामाचे डोळे भरून आले.

"बघ, माझं ऐकलंस ते बरं झालं," ताई म्हणाली. तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. "आला गं, शाळेतला फोटो आला!"

तिने कौतुकाने फोटो उघडला. सगळा वर्ग दात काढून हसत होता. मधोमध भाची उभी होती, गाल फुगवून, ओठ घट्ट मिटून.

"निळं नव्हतं ना लावलं," भाची म्हणाली.