कपाटाची ट्रायल

भिंतीतल्या कपाटाचा खर्च तिसऱ्यांदा वाढला, तेव्हा नवऱ्याने पेन्सिल खाली ठेवली आणि चष्मा काढून डोळे चोळले.

तो एका विमा कंपनीत हिशेबनीस होता. ऑफिसात त्याच्या हाताखालून गेलेला आकडा पुन्हा कुणी तपासत नसे. घरात मात्र त्याची मात्रा चालत नव्हती. आधी ठरलं होतं ते साधंच: बेडरूमच्या एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत, थेट छतापर्यंत कपाट. मग आईने स्वतःसाठी कुलपाचा खण मागितला. बायकोने लांब कपड्यांसाठी दांडी मागितली. आणि बचतीवर दोघींना व्याख्यान दिल्यावर त्याने स्वतःच सरकत्या दारांचा हट्ट धरला. त्या दारांनीच बजेटचा चौथा हिस्सा गिळला.

"साधी दारं लावली तर?" बायकोने विचारलं.

"साधी दारं उघडायची तर पलंग पुढे सरकवावा लागेल."

"मग सरकवू."

"बसेल का पण?"

"ट्रायल घेऊ की!"

तिचं शिलाईचं दुकान होतं. कच्चे टाके घालून, माणसाच्या अंगावर चढवून पाहिल्याशिवाय तिने आजवर कुणाच्या कपड्याला पक्की शिवण घातली नव्हती. गिऱ्हाईक कितीही घायकुतीला येवो, ट्रायल म्हणजे ट्रायल. म्हणून तर तिच्याकडून गेलेला कपडा कधी तक्रार घेऊन परत येत नसे.

सुट्टीच्या दिवशी सुतार माप घ्यायला यायचा होता. त्याच्या आत तिने फ्रिजच्या दुकानातून मोठाली खोकी आणली, उभी कापली, चिकटपट्टीने जोडली आणि त्या भिंतीला पुठ्ठ्याचं अख्खं कपाट उभं केलं. खण, दांडी, दारं, सगळं जागच्या जागी. नवरा बघतच राहिला.

"अगं, हेच राहू दे! बजेट शून्य!"

"बोलू नका, पलंगाला हात लावा."

पलंग पेटीचा होता, बुटक्या पायांचा, आत कपड्यांनी ठासून भरलेला. दोघं कपाटाच्या बाजूला उभे राहिले आणि पलंग दाराच्या दिशेने ढकलू लागले. दार आत उघडणारं. ते मधे येतंय म्हणून नवऱ्याने ते लावून घेतलं. मग त्याने दात-ओठ खाऊन असा जोर लावला की पलंग सरकला, आणखी सरकला आणि खट्‌कन बसला. दाराजवळची एक फरशी कधीचीच फुटली होती आणि तो खड्डा सतरंजीखाली झाकलेला होता. पलंगाचा पाय नेमका त्यात गेला.

"बसला की नाही?" नवरा आनंदाने म्हणाला.

"बसलाय खरा. आता आपण बाहेर कसं जायचं?"

दार चार बोटं उघडत होतं. पलंग मागे ओढला, हलेना. उचलून पाहिला, तर नवऱ्याची कंबर तेवढी बोलली. त्या फटीत आईचा एक डोळा दिसला.

"काय चाललंय रे आत?"

"ट्रायल चाललीय, आई."

तेवढ्यात बेल वाजली. सुतार आला होता. आईने त्याला दारापर्यंत आणलं.

"साहेब, भिंत कुठंय?"

"भिंत आत आहे!"

"आणि तुम्ही?"

"आम्हीही आतच आहोत!"

सुताराने खांदा लावून दार रेटलं. पाय खड्ड्यात आणखी घट्ट बसला. "दार तोडू का? नवीन बसवून देतो, झकास."

"अजिबात नको! ते बजेटात नाही!"

बायको मात्र शांत होती. "पलंग जड झालाय तो कपड्यांनी. पेटी रिकामी करू या," ती म्हणाली. गादी उभी करून झाकण उघडलं आणि कपडे पुठ्ठ्याच्या कपाटात रचायला सुरुवात झाली. तिसरा खण भरेपर्यंत कपाटाने तग धरला. मग पोट धरून बसावं तसं ते हळूच खाली बसलं, आणि दोघं गुडघाभर कपड्यांत उभे राहिले.

"आई, आता तुम्हीच वाचवा," सून फटीतून म्हणाली. "एकेक देते. बाहेर घ्या."

मग फटीतून शर्ट निघाले, विजारी निघाल्या, स्वेटर निघाले. नवरा कुठलाही कपडा टाकून द्यायच्या विरुद्ध होता, त्यामुळे कॉलेजपासूनचा एकही सुटला नव्हता. बायकोच्या दुकानातले गिऱ्हाइकांनी कधीच न नेलेले ड्रेसही निघाले. बाहेर हॉलमध्ये ढीग वाढत चालला, तसा बोलण्याचा आवाजही वाढत चालला.

"अरे, हा राखाडी कोटही काढायचा का?" आईने फटीतून विचारलं.

"सगळं काढायचं, आई! काही म्हणजे काही ठेवायचं नाही! मला विचारत बसू नकोस!"

"बरं बाबा. तू म्हणतोस तसं."

पेटी रिकामी झाली. नवऱ्याने कोपरा धरून पलंग बोटभर उचलला आणि तेवढ्या क्षणात बायकोने पायाखाली जाड घोंगडीची घडी सारली. मग तिने घोंगडीचं टोक धरून ओढलं, तसा एवढा थोरला पलंग फरशीवरून गुपचूप मागे आला. नवऱ्याने कमरेवर हात ठेवून बायकोकडे पाहिलं.

"बघताय काय? दार उघडा."

त्याने दार उघडलं. हॉलमध्ये ढीग नव्हता. एक शेजारीण बोचकं उचलून "पुन्हा सेल लावाल तेव्हा आधी सांगा हं!" म्हणत निघाली होती. खुर्चीत आई बसली होती, मांडीवर बिस्किटांचा डबा. आणि आरशासमोर राखाडी कोट घालून सुतार उभा होता.

"माझा कोट!"

"तुझा होता," आई म्हणाली. "बटण लागत होतं का? मिस्त्रींना मुलीच्या लग्नात घालायला हवाय. तूच म्हणालास ना, सगळं काढ म्हणून? ती शेजारीण डोकावली, म्हणाली सेल लागलाय का? म्हटलं, लागलाय. सूनबाईच्या हातची शिवण म्हटल्यावर घासाघीससुद्धा केली नाही कुणी."

तिने डबा पुढे केला. नवऱ्याने सवयीने नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग त्याने आईकडे अशा आदराने पाहिलं, जसं ऑफिसात त्याने मोठ्या साहेबांकडेही कधी पाहिलं नव्हतं.

"आई... यात सरकती दारं निघतात!"

"आणि कुलपाचा खण?"

"दोन निघतील!"

"अहो," बायको हळूच म्हणाली, "पण कपाटात ठेवायचं काय?"

सगळ्यांनी रिकाम्या हॉलकडे पाहिलं, मग रिकाम्या पेटीकडे. नवऱ्याच्या अंगावरचा शर्ट तेवढा शिल्लक होता, आणि दोरीवर वाळत घातलेले दोन.

शेवटी सुतार खाकरला. "मग माप कुठलं घेऊ, ताई? पूर्ण भिंतीचं, की अर्ध्या?"

बायकोचं त्याच्या प्रश्नाकडे लक्षच नव्हतं. कोटाच्या बाह्या त्याच्या बोटांपर्यंत आल्या होत्या आणि खांदे दोन्हीकडून लोंबत होते. असा कोट घालून मुलीच्या लग्नात उभा राहणारा बाप तिला डोळ्यांसमोर दिसला असावा. तिने गळ्यातली टेप काढली.

"कपाटाचं राहू दे, मिस्त्री. आधी तुमचं. हात पसरा."

आणि कपाटाचं माप घ्यायला आलेला सुतार दोन्ही हात पसरून, श्वास रोखून, मुकाट्याने उभा राहिला.