‘नक्की’तले दोन ‘के’

तनुजा भावाच्या लग्नाला सिल्लोडला गेली, लग्न उरकलं, मांडव निघाला, तरी परत यायचं नाव घेईना. जातानाच नवऱ्याला म्हणाली होती, "या घरात तुम्ही बोलता ते फक्त त्या कीबोर्डाशी. मी आहे काय अन् नाय काय!"

आरोप खरा होता. शहरातल्या छावणी भागातल्या दोन खोल्यांत बसून ऋतुराज दिवसभर कोडिंग करायचा. कोड लिहायच्या त्याच्या एडिटरमध्ये घडीघडी एस्केपचं बटण दाबावं लागायचं आणि ते पडलं पार वरच्या कोपऱ्यात. तिथवर करंगळी न्यायचंही पठ्ठ्याच्या जिवावर यायचं. म्हणून त्यानं कीबोर्डच आपल्या सोयीचा करून घेतला. ‘के’ लागोपाठ दोनदा दाबला की झाला एस्केप! "इंग्रजीत दोन ‘के’ येतात कुठं?" म्हणत तो स्वतःवरच खूश झाला. इंग्रजीत फारसे नसतील येत हो, पण हा बायकोला मेसेज करायचा तो मराठीत, इंग्रजी अक्षरांत.

ती गेल्यापासून घर खायला उठलं होतं. आरशाला चिकटवलेली तिची टिकली दिसली की दात घासता घासता त्याचा हात थांबायचा. पण फोन करून "ये ना" म्हणायला जीभ रेटत नव्हती. शेवटी तिचाच मेसेज आला, "रविवारी येऊ का?"

कोडवरची नजर न काढता त्यानं लॅपटॉपवरूनच बडवलं, "नक्की."

"खरंच?"

"नक्की!"

"आठवण तरी येती का माझी?"

"नक्की!!"

मग तिकडून काहीच आलं नाही. रविवारी त्यानं फरशी पुसली, गुलमंडीच्या बाजारातून तिच्यासाठी गोड इमरती आणली आणि दाराकडं बघत बसला. तनुजा आली नाही. आला तो सासऱ्यांचा, रामकिसनरावांचा फोन.

"जावईबापू, लेक रडती आमची. येऊ का विचारलं, तर तुम्ही नाय म्हणलात?"

"मी? मामा, मी कशाला नाय म्हणू?"

"तीनदा म्हणलात. समद्या घरानं वाचलं."

फोन ठेवून त्यानं घाईनं तनुजाला लिहिलं, "अगं, मला नक्की म्हणायचं होतं!" पाठवलं आणि पहिल्यांदाच वर बघून वाचलं. तिथं होतं, "अगं, मला नाय म्हणायचं होतं!"

त्यानं बोटांवर अक्षरं मोजली. एन, ए, के, के, आय. मधले दोन ‘के’ एस्केपनं गिळले की उरतं काय? नाय! तनुजा फोन उचलेना. त्यानं गाडी काढली अन् थेट सिल्लोड गाठलं.

तनुजा ओसरीत कणसं सोलत होती. "आता तोंडावर नाय म्हणायला आलात व्हय?"

त्यानं एस्केप, करंगळी, दोन ‘के’, सगळं भडाभडा सांगितलं. रामकिसनराव म्हणाले, "म्हंजी बटण बिघडलं का?"

"बटणाचं राहू द्या," तनुजा म्हणाली. "तोंडानं सांगा. येऊ का?"

सगळं घर बघत होतं. ऋतुराजचे कान लाल झाले. "ये. नक्की ये. लई आठवण येती गं. तुझ्याबिगर करमत नाय."

रामकिसनराव उगीचच खोकत आत निघून गेले. तनुजानं हातातलं कणीस टोपलीत टाकलं आणि पिशवी भरायला घेतली.

घरी आल्यावर ऋतुराजनं आधी ती सेटिंग काढून टाकली. जरा वेळानं स्वयंपाकघरातून मेसेज आला, "चहा घेणार का?" त्यानं कीबोर्डावर बोटं नेली, परत मागं घेतली आणि उठून आत गेला.

"नक्की," तो म्हणाला.

"बटण नीट केलं ना? मग उठून कशाला आलात?"

"तिथं बसून तू दिसत नाय."