एकटीने आल्याबद्दल खुलासा

माकणीच्या भुवनेश्वरीबाईंना दोन्ही डोळ्यांनी काहीही दिसत नाही, ही गोष्ट शासनाला बावीस वर्षांपासून मान्य होती. फक्त ती पुन्हा एकदा तपासायची होती. तसे पत्र आले. पत्र अर्थातच बारीक छापील होते. सासरे बसप्पांना मोतीबिंदू, म्हणून ते शेजारणीकडून वाचून घ्यावे लागले.

ज्यांना दिसत नाही त्यांना पांढऱ्या काठीने एकट्याने चालायला शिकवणे, ही बाईंची नोकरी. तामलवाडीच्या जाईला त्यांनी घरापासून रस्त्याच्या कडेपर्यंत आणले होते. आता रस्ता ओलांडायचा धडा होता. पलीकडे कॉलेजची बस थांबत असे. या नोकरीला दिसत नसल्याचा दाखला सक्तीचा होता.

ठरल्या दिवशी बाई एसटीने पडताळणी कार्यालयात आल्या, जिना चढल्या आणि दहाच्या ठोक्याला पडताळणी अधिकारी कृष्णराजसाहेबांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. साहेब साडेअकराला आले.

"सोबत कोण आहे?"

"कुणी न्हाय. एकटीच आले."

"जिना कसा सापडला?"

"काठीनं. सव्वीस पायऱ्या हायेत. तेरावी फुटलीया."

साहेब सात वर्षे त्याच जिन्याने ये-जा करत होते. त्यांनी शिपायाला पाठवून खात्री करून घेतली. पायरी फुटकीच निघाली. साहेबांनी शेरा मारला : 'जे या कार्यालयास दिसले नाही, ते अर्जदारास आढळले. सबब अंधत्व संशयास्पद.'

"साहेब, डॉक्टरांनी डोळे तपासलेत की."

"डोळे त्यांच्याकडं. आमच्याकडं वागणूक येते."

दाखला स्थगित झाला. एकटीने का आलात, याचा लेखी खुलासा पंधरा दिवसांत मागवण्यात आला. दाखला नाही म्हणून नोकरी थांबली, नोकरी थांबली म्हणून जाईचा धडा थांबला.

"ताई, म्या रोज रस्त्यापत्तुर जाते," जाई फोनवर म्हणाली. "गाड्या ऐकते आन् माघारी येते."

त्या दिवशी भुवनेश्वरीबाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सासऱ्यांना उठवले.

"मामा, चला. तुमी मला घेऊन चाललाव."

"मला कुठं दिसतंय, पोरी?"

"त्ये त्यांच्या कागदात न्हाय."

बाईंनी बसप्पांना आपल्या कोपराला धरायला लावले, एसटीत चढवले, उतरवले, एकेक पायरी सांगत वर आणले. आत येताच बसप्पांनी कपाटाला वाकून रामराम केला. कपाट काही बोलेना, म्हणून पुन्हा केला.

साहेब गहिवरले. "आता कसं शोभतंय! आजोबा, तुम्ही आहात म्हणून या चालतात." त्यांनी दाखला कायम केला. शेरा : 'डोळस व्यक्तीच्या आधाराने चालतात. खात्री पटली.'

सोमवारी बाई तामलवाडीला गेल्या. रस्त्याच्या कडेला जाई काठी टेकवून उभी होती. बाई दोन पावले मागे थांबल्या, मुद्दाम गप्प राहिल्या. ट्रक गेला. जीप गेली. मग रस्ता मोकळा झाल्याचे जाईला कळले. आयुष्यात पहिल्यांदाच तिचे तिला कळले. तिने पाऊल उचलले.

तेवढ्यात एका भल्या गृहस्थांनी तिचे मनगट धरले आणि ओढत पलीकडे नेऊन सोडले. काठी रस्त्यातच पडली. "अरेरे, असल्या पोरीला एकटीला सोडतात कसे हे लोक!" एवढे बोलून ते समाधानाने निघून गेले.

पलीकडे जाई रडत उभी होती.

त्या गृहस्थांचा चेहरा दोघींनाही दिसलेला नाही. तेव्हा ते आपण नव्हतोच, असे आपण खुशाल म्हणू शकता.