सूत तुटते, गुरुजी

कवडूजींसमोर कोणी राजकारणाचा विषय काढला, की ते उत्तर देत नसत. माग चालवायला लागत.

मागाच्या खड्ड्यात पाय सोडून ते बसलेलेच असायचे. एरवी त्यांचं काम संथ. पण दारात उभ्या राहिलेल्या माणसानं "काय म्हणते मंग, कोन येते यंदा निवडून?" एवढं विचारायचा अवकाश, धोटा इकडून तिकडे पळायला लागायचा आणि खटक-खट, खटक-खट असा दणका सुरू व्हायचा की विचारणाऱ्याला स्वतःचंच पुढचं वाक्य ऐकू येत नसे. तो बिचारा दोन मिनिटं नुसते ओठ हलवायचा आणि कंटाळून निघून जायचा. त्याची पाठ फिरली की माग पुन्हा संथ. मग कवडूजी मान वर न करता म्हणायचे, "राजकारन काढलं का सूत तुटते."

मी लाखनीचा. मास्तरकीची पहिली नेमणूक आंधळगावला मिळाली, आणीबाणीच्या आदल्या वर्षी. कोष्ट्यांच्या गल्लीत खोली घेतली, ती नेमकी कवडूजींच्या भिंतीला भिंत लागून. महिनाभरात मला नुसत्या आवाजावरून कळायला लागलं की शेजारी कोण आलंय. पोस्टमन आला तर साधी चाल. माजी उपसरपंच आला तर माझ्या फळीवरचे डबे वाजायचे. निवडणुकीच्या वर्षी कवडूजींकडचं लुगडं जरा घट्ट विणीचं निघतं, असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या आणि मुद्दाम तेच मागायच्या.

मला स्वतःला राजकारणाचा भारी नाद. दुपारच्या एसटीनं पेपर आला की मी तो ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचो. पहिल्याच आठवड्यात कवडूजींनी विचारलं, "गुरुजी, पेपरात पान्याचं काही हाये का?"

"नाही."

"धानाच्या भावाचं?"

"आज नाही."

"मंग एवढा मोठा पेपर कायले छापते?" असं म्हणून ते आत गेले आणि माग सुरू झाला.

त्यांच्याकडे रेडिओ होता. भजनं आणि गाणी ते मन लावून ऐकायचे. बातम्या लागल्या की मात्र रेडिओ उचलून मागच्या अंगणात बकरीपुढे नेऊन ठेवायचे. बंद का करत नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "घडी घडी बटन पिरगाळलं तं बिघडते. बकरीले आयकू दे. तिले कुठी मत टाकाचं हाये?" त्यांची बायको सखूबाई यावर म्हणायची की बकरीनं तेव्हापासून दूध कमी केलं. मत टाकायला स्वतः कवडूजी जायचे, पण कसे? "बिमार मानसाले पाहाले जातो तसा. तोंड दाखवाचं, बसाचं नाही."

आणीबाणीचे महिने त्यांच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे असावेत. चहाच्या टपरीवर, पारावर, कुठंच कोणी राजकारणावर बोलेना. माग दिवस दिवस संथ चालायचा. "गुरुजी, गाव शहानं झालं," ते मला म्हणाले. लोक भीतीनं गप्प होते आणि हे समाधानानं. मीही तेव्हा पेपर मनातल्या मनातच वाचत होतो.

त्यांची एकच गोष्ट मला खटकायची, ती म्हणजे पाजणी.

विणायच्या आधी सुताला तांदळाच्या पेजेची खळ द्यावी लागते, तिला पाजणी म्हणतात. पहाटे उठून उभ्या धाग्यांचा ताणा गल्लीभर लांब पसरायचा, काठ्यांच्या घोड्यांवर ताणून धरायचा, आणि दोन माणसांनी दोन बाजूंनी कुंचे ओढत एका चालीनं चालत जायचं. ऊन चढायच्या आत सूत मोकळं होऊन वाळलं पाहिजे. दोघांची चाल जुळली नाही तर धागे एकमेकांना चिकटतात आणि पुढं मागावर तुटत राहतात. एकट्याचं हे काम नव्हे. गल्लीत प्रत्येकाचा पाजणीचा जोडीदार ठरलेला असायचा, भाऊ नाही तर शेजारी, वर्षानुवर्षं तोच.

कवडूजींचा जोडीदार तेवढा मजुरीचा. दर वेळी नवा. कधी कवडूजी पुढं, कधी तो. कवडूजी त्याच्यावर खेकसायचे आणि पुढचे चार दिवस त्यांचं सूत तुटत राहायचं. समोरच्या घराच्या उंबऱ्यात उभा राहून एक उंच, वाळका माणूस हे सगळं न बोलता पाहायचा. तो श्रावणजी. सखूबाईची धाकटी बहीण पार्वता त्याला दिलेली, म्हणजे हे दोघं साडभाऊ. तोही विणकर, त्याचाही जोडीदार मजुरीचा. दोन घरांमध्ये बैलगाडी जाईल एवढंच अंतर. पण मी आल्यापासून एका घरचं माणूस दुसऱ्या घरात गेलेलं पाहिलं नव्हतं. नालीवरून भांडण असेल असं मी गृहीत धरलं होतं.

एकदा चार लोकांत मी कवडूजींना चिडवलं. म्हटलं, "तुम्हाला धड चार वाक्यं बोलता येत नसतील, म्हणून हा मागाचा आडोसा." लोक एकाएकी चूप झाले. कवडूजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी ते सूत आणायला भंडाऱ्याला गेले, तेव्हा सखूबाई सुताच्या कांड्या भरता भरता मला म्हणाली, "गुरुजी, याइले बोलता येत नाही म्हनता? याइच्या बोलन्यानंच माह्या बहिनीचं घर बंद झालं."

मग तिनं सांगितलं.

कवडूजी एके काळी या भागातले नावाजलेले वक्ते होते. सभा कुणाचीही असो, साहेब येईपर्यंत लोकांना धरून ठेवायचं काम कवडूजींचं. हातात माइक आला की माणूस बदलायचा. मी गावात येण्याच्या दोन वर्षं आधी ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. एका पॅनलकडून श्रावणजी उभा राहिला. कवडूजी दुसऱ्या पॅनलचे वक्ते. साडभाऊ आहे, त्याच्यावर काय बोलायचं, म्हणून दोन सभा ते इकडचं तिकडचं बोलले. तिसऱ्या सभेला लोक उठून जायला लागले. आणि त्यांना थांबवण्यासाठी कवडूजी बोलून गेले, "ज्याच्या घरचा पाळना हालला नाही, तो गावाचा गाडा काय हालवन?"

लोक खाली बसले. टाळ्या पडल्या. पुढाऱ्यानं पाठ थोपटली आणि दुसऱ्या दिवशीच्या सभेत तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. कवडूजींनी म्हटलं. भोंगा गल्लीच्या मध्यावरच्या कडुनिंबाला बांधलेला. त्याच्याखालच्या घरात पार्वता भाकरी थापत होती. लग्नाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

श्रावणजी पडला. दोन महिन्यांत दोन्ही पॅनलचे पुढारी एकाच जीपमधून फिरायला लागले, एकाच पंगतीला बसले. गाव ते भांडण विसरून गेलं. वाक्य तेवढं राहिलं. पार्वतानं बारशांना जाणं सोडलं, मग लग्नांना, मग नळावर. दाराची एकच फळी उघडी ठेवायला लागली.

हे ऐकताना माझे कान तापले. कारण ते वाक्य मला ठाऊक होतं. शाळेच्या मैदानात डाव हरलेल्या पोराला बाकीची पोरं ओरडून चिडवायची, 'पाळना हालला नाही, गाडा काय हालवन?' ते कुठून आलं हे त्यांनाही माहीत नव्हतं. मी एकदा त्याला हसलोही होतो.

"मग माफी नाही मागितली?" मी विचारलं.

"गेल्ते ना. हात जोडून उभे राहिले. श्रावनभाऊ म्हनाला, घरात येऊन कानात बोलू नोको. भोंग्यावर बोलला होतास, भोंग्यावरच वापस घे."

आता माइक आणायचा कुठून? माइक असायचा पुढाऱ्यांकडे, आणि त्या पायरीवर पुन्हा चढायचं नाही अशी यांनी शपथ घेतलेली. पण ते खरं कारण नव्हतं, हे सखूबाईनंच सांगितलं. एकदा दंडारीच्या खेळाच्या मांडवात माइक मोकळा होता. कवडूजी वर चढले, "हॅलो, हॅलो" म्हणाले, आणि घामाघूम होऊन खाली उतरले. रात्री बायकोला म्हणाले, "माइक हातात आला का माही जीभ टाळ्या शोधते. माफी मांगाले जाईन अन् तिथंबी टाळ्या घेऊन येईन."

त्यानंतर मी ओट्यावर पेपर मोठ्यानं वाचला नाही. कवडूजींच्या मागाला मी वर्षानुवर्षं हसत आलो होतो. त्या दणक्यात ते दुसऱ्यांचं बोलणं बुडवत होते असं मला वाटायचं. त्यांना आपलंच एक वाक्य बुडवायचं होतं, आणि ते बुडत नव्हतं.

वर्षं गेली. माझं लग्न झालं, बदली झाली, आणि पाच वर्षांनी मी पुन्हा आंधळगावला, त्याच खोलीत आलो. कवडूजींच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. बकरी बदलली होती, बातम्या तिच्याचपुढे लागत. त्याच हिवाळ्यात पार्वता गेली. ताप आला आणि आठ दिवसांत संपलं. सखूबाई धावत समोर गेली, तेव्हा त्या घरात तिचं पाऊल चौदा-पंधरा वर्षांनी पडलं होतं. कवडूजी प्रेतामागं सर्वांत शेवटी चालले. श्रावणजीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. परत आल्यावर त्या दिवशी माग बंद होता. दुसऱ्या दिवशीही.

उन्हाळ्यात निवडणूक आली. एका दुपारी गल्लीत जीप थांबली आणि जुने पुढारी उतरले. तेच, पाठ थोपटणारे. मी भिंतीशी कान लावून दणक्याची वाट पाहत होतो.

"कवडूजी, आजकालच्या पोरांले बोलता येत नाही. लोक उठून जातात. एक दिवस या. जुन्यासारखं एक भाषन होऊन जाऊ दे."

माग सुरू झाला नाही. मग कवडूजी म्हणाले, "भोंगा कुठी बांधून राहिले?"

"जिथी नेहमी बांधतो. तुमच्या गल्लीतल्या निंबाले."

"येतो."

सभा दिवस मावळता बाजारचौकात होती. धुतलेलं धोतर, टोपी घालून कवडूजी मंचावर चढले. म्हातारी माणसं एकमेकांना कोपरं मारत होती, की आता ऐका. कवडूजींनी माइक दोन्ही हातांनी धरला. आवाज भरलेला निघाला.

"मी कवडू बोलून राहिलो. मांगं याच चौकातून मी श्रावनच्या पाळन्याची गोष्ट काढली होती."

आणि ते श्वास घ्यायला थांबले. त्यांची थांबण्याची जागा लोकांना पाठ होती. सवयीनं टाळ्या पडल्या.

मी कवडूजींचा चेहरा पाहिला, आणि पुन्हा पाहावासा वाटला नाही. त्यांनी हात वर केला. "वाजवू नोका जी. वाजवू नोका. ते बोलनं मानसाचं नोयतं. मी ते वापस घेतो. पार्वता..."

इथं पुढाऱ्यानं मागं वळून खूण केली. भोंग्यात खरखर झाली आणि आवाज गेला. कवडूजींना कळलं असावं. पण ते थांबले नाहीत. मेलेला माइक तोंडाशी धरून बोलत राहिले. लोक चुळबुळले, उठले. पहिल्या दोन रांगांत शाळेतली पोरं होती आणि मी होतो, आम्ही तेवढं ऐकलं.

"पार्वता, तुह्या हातची भाकर मी खाल्ली. तुह्या लग्नात मी पंगती वाढल्या. अन् तुह्यावरच टाळ्या घेतल्या. मले त्या अजून आयकू येतात, बाई."

मग ते उतरले. पोरांना मी घरी जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे कवडूजींची पाजणी होती. सूत भिजत टाकलेलं, ते राहू देता येत नाही. ताणा पसरला, खळ लावली. मजुरीचा माणूस कुंचा घेऊन समोर उभा राहिला. तेवढ्यात समोरच्या घराची दुसरी फळी उघडली. श्रावणजी बाहेर आला, त्या माणसाच्या हातून कुंचा काढून घेतला आणि ताण्याच्या पलीकडे उभा राहिला. तो माणूस बावचळून माझ्याकडे पाहू लागला. मी त्याला बसायला सांगितलं.

दोघं चालू लागले. पहिल्या फेरीत पावलं चुकली. दुसरीत थोडी. तिसरीत दोन कुंचे बरोबर उठले आणि बरोबर टेकले. गल्लीच्या मध्यावर, कडुनिंबाखाली, श्रावणजी सुतावरची नजर न काढता म्हणाला, "तिच्या नावापर्यंत आयकू आलं. मंग खरखर आली."

"बाकीचं सांगू?"

"मले कायले सांगतस? आयकाचं तिले होतं."

कवडूजींचा कुंचा जागच्या जागी थांबला. श्रावणजी दोन पावलं पुढं जाऊन थांबला.

"चाल," तो म्हणाला. "सूत वाळून राहिलं."

दोन दिवसांनी तो ताणा मागावर चढला. मी वह्या तपासत भिंतीला टेकून बसलो होतो. शेजारी माग संथ चालला होता. दुपारी तो मधेच थांबला. धागा तुटला असेल, जोडतील, म्हणून मी वाट पाहिली. बराच वेळ गेला. सखूबाई माझ्या दारात येऊन पदरानं तोंड पुसत उभी राहिली.

"सूत तुटलं का?" मी विचारलं.

"नाही जी, गुरुजी," ती म्हणाली. "हे मागावर डोकं टेकून रडून राहिले. सूत चांगलं हाये."