सार्जंटने गिळलं तरी काय?

नोएलीनचा बोका सार्जंट सकाळपासून चारदा ओकला आणि समोरच्या खिम्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही, तेव्हा तिचं धाबं दणाणलं. गाडी होती शेजारच्या डल्सीकडे. नाइलाजाने तिलाच हाक मारावी लागली.

नाइलाजाने अशासाठी, की वॉरिंगलच्या कृषी प्रदर्शनात फ्रूटकेकचं पहिलं बक्षीस सलग अकरा वर्षं डल्सीचं आणि दुसरं नोएलीनचं. यंदा उलटं झालं. केक स्वतः, घरच्या ओव्हनमध्ये भाजायचा, एवढाच काय तो नियम. विजेतीची निळी रिबीन मिळून दोन दिवसही झाले नव्हते.

"काय गिळलंय?" गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी बोक्याचं पोट चाचपत विचारलं.

"रिबीन," नोएलीन म्हणाली. "बक्षिसाची."

"काहीतरीच काय," डल्सी म्हणाली. "ती तुझ्या फ्रीजवर लटकतेय, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नाकासमोर. आत्ता पाहिली मी."

एक्स-रे काढला. त्यात धड काही दिसेना. "मग उगाच पोट कशाला फाडायचं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उद्यापर्यंत वाट बघू."

सार्जंटने मालकिणीच्या हातावर डोकं टेकलं. आता लपवलं तर हा जीव हातचा जाणार.

"दोरी गिळलीय," ती हळूच म्हणाली. "नक्की. कसली ते विचारू नका."

"दोरी? अहो, ती आतडं कापते. आत्ताच उघडते."

बाहेर बाकावर डल्सीला चैन पडेना. "लोकर होती का? चहाच्या पिशवीची? मासे धरायची?" नोएलीन प्रत्येकाला "नाही" म्हणत राहिली.

तासाभराने डॉक्टरीणबाई आल्या. "वाचला लबाड." हातातल्या ताटलीत लाल-सोनेरी पिळाची वीतभर दोरी होती. "छान आहे हो. कुठली ही?"

नोएलीनने तोंड उघडायच्या आत डल्सी बोलून गेली, "ही तर मिलगारीच्या बेकरीची. फ्रूटकेकच्या खोक्याला बांधतो तिथला बेकरीवाला."

मग तिने जीभ चावली.

डॉक्टरीणबाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागल्या. प्रदर्शनाच्या समितीवर त्याही होत्या.

"एकच केक उरला होता गं त्याच्याकडे," नोएलीन शेवटी म्हणाली. "म्हणाला, दरवर्षी नेणाऱ्या बाई यंदा आल्याच नाहीत."

"गुडघा धरला होता ना," डल्सी पुटपुटली. "म्हणून यंदा घरीच केला."