पहिलं बरं की दुसरं?

कानाच्या बाबतीत माझ्याशी पैज लावू नका, हराल! आमच्या बँडचा पहिला अल्बम लावा नाहीतर हा नवा लावा, डोळे झाकून सांगतो कुठला ते. 'आमच्या' म्हणतोय, कारण पहिल्या अल्बममधली गिटार माझी आहे. गायलाय माझा धाकटा भाऊ. आणि अल्बम निघाल्यावर मला बँडमधून काढलं तेही ह्या धाकट्यानेच! कारण काय, तर म्हणे, "दादा, तुझा हात तालाच्या पुढे पळतो."

माझा हात! या घरी, रेकॉर्ड लावतो, ऐका. कशी संथ, भारदस्त गिटार आहे! इतकी वर्षं मी ती रेकॉर्ड ऐकतोय आणि रोज नव्याने संतापतोय.

आता बँडचा रौप्यमहोत्सव आला म्हणून या लोकांनी तीच गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. गाणी तीच, गायक तोच, गिटारवर मात्र माझ्या जागी आणलेला तो टकल्या! भावाचा फोन आला, "दादा, रविवारी नवी रेकॉर्ड घेऊन येतो. थोडं बोलायचंय." मी काय ते ओळखलं. मोठा कार्यक्रम तोंडावर आला होता आणि गाडी शेवटी माझ्या दाराशी येणारच होती. मी गिटारला नव्या तारा चढवल्या आणि ती सोफ्यामागे अशी ठेवली, की अर्धी दिसावी.

"अहो, आल्यावर दोन शब्द बरे बोला," बायको म्हणाली. "तुम्हाला स्टेजवर जायचंय ना?"

"जायचंय. पण आधी त्याने कबूल करायचं, की माझ्याशिवाय बँडमध्ये राम उरला नाही!"

माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर मी गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारतो, "पहिलं बरं की दुसरं?" भल्याभल्यांची नजर याच प्रश्नाने ताळ्यावर येते. भावावरही हाच प्रयोग करायचं मी ठरवलं. निकाल चोख लागावा म्हणून रेकॉर्ड प्लेअर मुद्दाम मेकॅनिककडे दिला आणि शनिवारी रात्री घरी आणला.

"आतला रबरी पट्टा पार सैल पडला होता, साहेब," तो म्हणाला. "नवा टाकलाय. आता बरोबर फिरेल."

मी मनात भावाला सुनवायची वाक्यं जुळवत होतो. नुसती मान डोलावली.

रविवारी भाऊ आला. सोफ्यामागे डोकावणारी गिटार बघून हसला. "दादा, आधी एक विचारायचं होतं..."

"नंतर! आधी परीक्षा!"

दुकानातून आणलेली नंबर तपासायची फ्रेम मी नाकावर चढवली. दोन्ही डोळ्यांवर काळ्या चकत्या. बायकोला सांगितलं, "लाव कुठलीही. मी ओळखतो."

गाणं सुरू झालं आणि मी उडालोच!

"हीच तुमची नवी! आवाज किती चिरका लागलाय तुझा! आणि हा गिटारवाला! याची बस चुकतेय का? ड्रमवाल्याला मागे टाकून एकटाच पुढे पळतोय!"

"अहो, जरा..." बायको म्हणाली.

"मध्ये बोलू नकोस! असल्या माणसाला स्टेजवर सोडा, स्टेजच्या पायरीपाशीसुद्धा उभं करू नये!"

"नक्की, दादा?" भावाने हळूच विचारलं.

"लिहून देऊ?"

बायकोने दुसरी रेकॉर्ड लावली. तेच गाणं, पण काय त्याचं वजन! गिटारचा एकेक सूर जागच्या जागी. चकत्यांआड माझे डोळे भरून आले. "हा मी! ऐक, सूर लावून कसा थांबलोय! असा माणूस काढलास रे तू!"

मी फ्रेम काढली. बायको कव्हर हातात धरून जमिनीकडे बघत होती.

"हा तो टकल्या, दादा," भाऊ म्हणाला. "तू पहिल्या रेकॉर्डवर होतास."

"कव्हरं बदललीत तुम्ही!" मी प्लेअरकडे धावलो. तबकडीवरचा कागद वाचला. नवीच होती! मेकॅनिकचं बोलणं मला तेव्हा आठवलं आणि मी ते मूर्खासारखं मोठ्याने बोललोही.

"म्हणजे," बायको म्हणाली, "पट्टा सैल पडत गेला, तशी ती रेकॉर्ड आपल्याकडे संथ वाजत होती."

भाऊ हसला असता तरी चाललं असतं. तो हसला नाही. "शेवटच्या गाण्याला तुला स्टेजवर बोलवायला आलो होतो. हट्ट त्या टकल्याचाच होता. म्हणाला, दादांशिवाय मजा नाही."

मी पायाने गिटार सोफ्यामागे पूर्ण सरकवली.

"जाऊ दे," तो उठला. "त्या गिटारवाल्याबद्दल आपलं इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा एकमत झालं." टेबलावर दोन पास ठेवले. "पुढच्या रांगेतले आहेत. वहिनीला घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी मी मेकॅनिकच्या दारात हजर. "तो जुना पट्टा आहे का हो?"

"तो? कचऱ्यात गेला."

"मग दुसरा एखादा सैल?"

त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. "सैल पट्टा विकत मिळत नाही, साहेब. प्लेअर फिरून फिरून तो आपोआप सैल होतो. वर्षं जातात."

तेव्हापासून आमच्याकडे रेकॉर्ड प्लेअर दिवसभर चालू असतो. वर रेकॉर्ड नसते. नुसता फिरत ठेवलाय.